‘लाईन’ गेली म्हणजे काय गेले?

मे महिन्यातील एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दिवसभर हिंगण्याची जमीन तापून निघाली आहे. पाचाच्या सुमारास पश्चिमेकडे काळे ढग जमतात, धुळीचा लोट उठतो, टिनाची पत्रे वाजू लागतात. डोक्यावरचा पंखा एकदा मंदावतो, पुन्हा वेग घेतो आणि मग थांबतो. त्याच क्षणी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आरोळी ऐकू येते : “लाईन गेली रे बाप्पा!”

अशाच एका संध्याकाळी माझी भाची सुटीसाठी पुण्याहून आमच्याकडे आली होती. ती नववीत शिकते. आरोळी ऐकताच ती खिडकीशी धावली, खांबाकडे नीट पाहून आली आणि म्हणाली, “मामा, लाईन कुठे गेलीये? तारा तर जागच्या जागी आहेत. लाईट गेले म्हणा ना!”

आमच्या घरातील मंडळी हसली. पुण्याकडे ‘लाईट’ जातात, आमच्या विदर्भात ‘लाईन’ जाते. दोन्ही शब्द इंग्रजी, आणि ज्या अर्थाने आपण ते वापरतो त्या अर्थाने एखाद्या इंग्रज माणसाला दोन्ही कळणार नाहीत! पण पोरीचे निरीक्षण बिनचूक होते. लाईन म्हणजे तार असेल, तर ती कोठेही गेलेली नव्हती. मग गेले काय? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे जिवावर बेतल्याची उदाहरणे खेड्यापाड्यांतून घडत असतात. तेव्हा मुलांनो, या ‘लाईन’ नावाच्या शब्दाची आज जरा नीट ओळख करून घेऊ.

नागपूरकरांइतके या शब्दाला घरचे करून घेणारे लोक विरळाच. आमच्याकडे सिव्हिल लाईन्स आहे आणि पोलीस लाईन टाकळीही आहे. पूर्वी छावणीत शिपायांचे तंबू व बराकी ओळीने उभारीत. त्या ओळींना ‘लाईन्स’ म्हणत. मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. रेल्वेची लाईन १८६७ साली नागपुरास पोहोचली. पुढे अरुंद रुळांची ‘छोटी लाईन’ही आली. नागभीडकडे जाणारी ही छोटी लाईन रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. २०२० च्या जानेवारीत मेट्रोची ॲक्वा लाईन सीताबर्डीहून हिंगणा रस्त्यावरील लोकमान्य नगरपर्यंत धावू लागली. रेशनच्या दुकानात आपण लाईनीत उभे राहतो. दहावी झाली की पाहुणे विचारतात, “आता कोणत्या लाईनीला जाणार?” आणि पोराला नोकरी लागली की तेच पाहुणे म्हणतात, “चला, लाईनीला लागला एकदाचा!” कॉलेजातील मुले या शब्दाचा आणखी एक उपयोग करतात. तो येथे सांगण्याचे कारण नाही. तुमच्या मोठ्या भावंडांना माहीत असतो.

आपल्या भाषेत या एकेका अर्थाला वेगळा शब्द आहे. भूमितीत रेषा, वहीत रेघ, अक्षरांची ओळ, माणसांची रांग, विजेची तार, गाडीचा मार्ग. सरकारी कागदावर विजेच्या लाईनीला ‘वाहिनी’ म्हणतात. पण ‘वाहिनी बंद आहे’ अशी पाटी वाचताना गावातील पोरे हमखास ‘वहिनी’ म्हणून हसतात, आणि शब्द मागे पडतो. एवढे शब्द असताना इंग्रजांचे काम एकाच शब्दात कसे भागले? याचे उत्तर मिळते ते एका शेतात.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, धान कापणीला येण्यापूर्वीच उभ्या पिकात ओलाव्यावर दुसरे बी फेकतात. या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. धान निघून गेले की त्या बांध्यांतून नाजूक निळी फुले डोलू लागतात. हे जवसाचे पीक. जवसाची चटणी तुमच्यापैकी बहुतेकांनी भाकरीबरोबर खाल्ली असेल. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकाच्या वाणांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव आहे ‘लिनम’. आपण जवस बियांसाठी व तेलासाठी पेरतो. युरोपात व प्राचीन इजिप्तमध्ये त्याच जातीची उंच वाढणारी, कमी फांद्यांची झाडे धाग्यासाठी लावीत. आपल्याकडे अंबाडी जशी पाण्यात कुजवून सोलतात, तशीच ही झाडे कुजवून त्यांच्या खोडातील तंतू काढीत. त्या तंतूंचे कापड ते ‘लिनन’. इजिप्तमधील ममी याच कापडात गुंडाळलेल्या असत. आणि त्या लिननच्या दोऱ्याला लॅटिन भाषेत म्हणत ‘लिनिया’. ह्याच शब्दाची झाली ‘लाईन’!

म्हणजे आपण विजेच्या खांबाकडे पाहून ‘लाईन’ म्हणतो तेव्हा नकळत जवसाचे नाव घेत असतो. शिंप्याकडील ‘लायनिंग’चे कापडही त्याच कुळातले. अस्तरासाठी पूर्वी लिनन वापरीत, म्हणून ते लायनिंग. जमिनीवर अंथरण्याचे ‘लिनोलियम’ जवसाच्या तेलापासून करीत. त्याच्याही नावात तेच ‘लिनम’ आहे.

दोऱ्यावरून रेषेला नाव पडावे हे स्वाभाविकच आहे. दोन खुंट्यांमध्ये दोरा ताणा; सरळ रेषा आपोआप मिळते. पट्टी लागत नाही, गुण्या लागत नाही. आपला ‘रेखा’ हा शब्द ओरखडण्यावरून आला आहे. पण ओरखडा वाकडाही निघतो. ताणलेला दोरा मात्र सर्वांत जवळची वाट धरतो, कारण लांब वाट धरायला त्याच्याजवळ जास्तीचा धागाच नसतो. आपल्या पूर्वजांनाही ही गोष्ट पक्की ठाऊक होती. यज्ञवेदी आखण्याचे जुने ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी आणि सूत्र म्हणजे धागा! लाकूडकाम करणारा सुतार हा मूळचा ‘सूत्रधार’, म्हणजे सूत धरणारा. हट्टी माणूस ताळ्यावर आला की तो ‘सुतासारखा सरळ’ झाला असे आपण आजही म्हणतो. रोमन लोकांच्या हाती जवसाचा धागा होता, आपल्या हाती कापसाचा. विदर्भात दोन्ही पिकतात, म्हणूनच की काय, आमच्याकडील गवंडी भिंत रचताना जी दोरी बांधतात तिला ‘लाईनदोरी’ म्हणतात. म्हणजे दोऱ्यादोरी!

आता गवंड्याची ही लाईनदोरी खरोखर सरळ असते का, ते पाहू. तुमच्या शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करता येईल. दोन मित्रांना दहा मीटर लांबीची एक दोरी घट्ट धरायला सांगा आणि दोरीच्या मध्यावर दोन किलोची वीट टांगा. आता त्यांना म्हणा, “दोरी सरळ करून दाखवा.” मध्य दहा सेंटिमीटर खाली राहील इतपत आणण्यास प्रत्येकाला सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीची गरज पडेल. झोल एक सेंटिमीटरवर आणायचा तर ५०० किलोग्रॅम! आणि झोल शून्य करायचा असेल तर ओढ अनंत हवी. कारण असे की विटेचे वजन खाली ओढते. त्याला तोलण्यासाठी दोरीच्या ओढीचा काही अंश वरच्या दिशेने हवा. दोरी तंतोतंत आडवी झाली की तिची सारी ओढ आडवी होते आणि विटेला वर धरायला काहीच उरत नाही.

वीट काढून घेतली तरी दोरीला स्वतःचे वजन असतेच. गवंड्याची दोरी मीटरला एक ग्रॅम भरते असे धरा. ती दहा मीटर अंतरावर दोन किलोग्रॅम वजनाइतक्या ताणाने बांधली, तर मध्यावर सुमारे सहा मिलिमीटर झोल राहतो. म्हणूनच लांब भिंत रचताना जाणता गवंडी मध्ये एखादी वीट ठेवून दोरीला टेकू देतो. त्याला हे गणित कोणी शिकवलेले नसते. ओळंब्याची गोष्ट मात्र निराळी. ओळंब्याचा दोरा वजनाच्याच दिशेने लोंबतो, त्यामुळे तो अगदी सरळ असतो. उभी लाईन सरळ असते. आडवी लाईन, मग ती सुताची असो की ॲल्युमिनियमची, कधीच सरळ नसते.

आणि येथे आपण पुन्हा विजेच्या खांबापाशी येऊन पोहोचतो.

तारा लोंबलेल्या दिसल्या की लोक म्हणतात, “कामगारांनी नीट ओढल्याच नाहीत.” काही ठिकाणी हा आरोप खराही असेल. पण तारेत झोल ठेवावाच लागतो. नागपूरकडे हिवाळ्यात पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली जाते आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या पुढे. ३५ अंशांचा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियमची तार दर अंशामागे आपल्या लांबीच्या सुमारे २३ दशलक्षांश इतकी वाढते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर असेल, तर ही वाढ भरते पाच सेंटिमीटरहूनही थोडी कमी. तुम्ही म्हणाल, एवढेच ना? पण गंमत पुढेच आहे. थंडीत त्या तारेचा झोल ६० सेंटिमीटर असेल, तर या जेमतेम पाच सेंटिमीटर वाढीने तो जवळजवळ १२० सेंटिमीटर होतो! (ताण कमी झाल्यामुळे तार किंचित आखडते, तो भाग मी येथे सोडून दिला आहे.) ६० मीटर लांब तारेला वाकण्यासाठी अगदी थोडी जादा लांबी पुरते. वरच्या वर्गात गेल्यावर पायथागोरसच्या सिद्धांताने हे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकाल.

दुपारच्या उन्हाखेरीज तारेतून वाहणारी वीजही तारेला तापवते. म्हणजे ज्या दिवसांत घरोघरी कूलर चालू असतात, त्याच दिवसांत तार सर्वांत खाली लोंबलेली असते. नेमक्या याच दिवसांत कुटाराने भरलेल्या उंच गाड्या शेतातून घराकडे निघतात. हिवाळ्यात ज्या तारेखालून गाडी निर्धोक गेली, तिच्याखालून मे महिन्यात ती तशीच जाईल, असे गृहीत धरता येत नाही. थंडीत तार आखडते, म्हणून ती उन्हाळ्यात कडक ओढून ठेवणेही चालत नाही. तसे केले तर डिसेंबरात ताण इतका वाढेल की तार तुटेल किंवा खांब वाकेल.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. तार जागेवर आहे. मग गेले काय?

वर्गात मी हा प्रश्न विचारला की पहिले उत्तर येते, “सर, करंट गेला.” दुसरे उत्तर येते, “इलेक्ट्रॉन गेले.” इलेक्ट्रॉन तर मुळीच जात नाहीत. तारेतील इलेक्ट्रॉन कोराडीच्या किंवा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निघून तुमच्या घरी येतात, अशी अनेकांची समजूत असते. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहतो, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग असतो सेकंदाला एक मिलिमीटरचा विसावा भाग! मुंगीसुद्धा याहून कितीतरी पुढे जाईल. शिवाय आपल्या घरची वीज प्रत्यावर्ती आहे. ती सेकंदाला ५० वेळा पूर्ण पुढे-मागे हेलकावते. तेव्हा हे इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात झुलत असतात. तुमच्या घरच्या तारेतील इलेक्ट्रॉन तुमच्याच घरचे.

मग येते काय? इलेक्ट्रॉनांना झुलवणारा विद्युत्दाब. झोपाळ्याच्या दोरीला एका टोकास हिसका दिला की दुसरे टोक हलते. दोरी काही प्रवास करीत नाही, हिसका प्रवास करतो. हा विद्युत हिसका जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची एक लाईन आहे. तिची लांबी सुमारे ७५० किलोमीटर. एवढे अंतर कापायला प्रकाशाला अडीच मिलिसेकंद पुरतात.

‘लाईन गेली’ म्हणजे वाटेत कोठेतरी हा हिसका अडला. कधी उपकेंद्रातील स्विच आपोआप उघडतो, कधी डीपीवरील ‘डीओ’ उडतो. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेले रोहित्र. अकरा हजार व्होल्टचा दाब तेथे उतरवून घरांना देतात. डीओ म्हणजे त्याच्या वरच्या बाजूची फ्यूज. ती जळाली की तिची नळी खाली लोंबते व लांबूनच कळते. कधी तीनपैकी एकच तार मुकी होते. डीपीतून घरांकडे निघणाऱ्या तीन लाईनी असतात आणि चौथी न्यूट्रल. कोणतीही एक लाईन व न्यूट्रल यांत २३० व्होल्ट, आणि दोन लाईनींमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. आता ४०० म्हणजे २३० च्या दुप्पट का नाही? कारण तिघींचे हेलकावे एकदम होत नाहीत. ते एक-तृतीयांश फेऱ्याच्या अंतराने होतात, म्हणून दुप्पट न होता १.७३ पट होते. एक लाईन गेली की अर्ध्या गल्लीत अंधार आणि अर्ध्या गल्लीत उजेड, हे तुम्ही पाहिले असेल. विहिरीवरील मोटर अशा वेळी घुर्र घुर्र आवाज करीत उभी राहते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते.

तेव्हा नेमकी गोष्ट अशी की लाईन आहे, इलेक्ट्रॉन आहेत. गेला आहे तो दाब. आणि गेलेला दाब परत यायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमच्या गावी असेच पावसाळ्यापूर्वीचे वादळ होऊन गेले होते. सारे गाव अंधारात होते. एक शेतकरी बैलजोडी घेऊन शेतातून परतत होता. धुऱ्यावर तुटलेली तार आडवी पडलेली त्याने पाहिली. पण लाईन तर गेलेली! त्याने बैल तसेच हाकले. पहिला बैल तारेजवळ पोहोचला आणि नेमकी त्याच क्षणी गावात आरोळी उठली, “लाईन आली!” बैल जागीच कोसळला. शेतकरी चार पावले मागे होता, पायांत टायरच्या जाड चपला होत्या, म्हणून वाचला. मी तेव्हा सातवीत होतो. लाईन आली म्हणून टाळ्या पिटणाऱ्या पोरांत मीही होतो. पंधरा मिनिटांनी आम्हांला कळले.

त्या बैलाने तारेला पाय लावला नव्हता. तारेपासून तो दोनेक हात दूर होता. मग तो का मेला, हे मला पुढे महाविद्यालयात गेल्यावर समजले. तार जमिनीवर पडली की तिच्यातून वीज जमिनीत सर्व बाजूंना पसरते. तारेजवळच्या जमिनीचा दाब सर्वांत जास्त, आणि दूर जावे तसा तो उतरत जातो, टेकडीच्या उतारासारखा. तुमचा एक पाय उतारावर वर आणि दुसरा खाली असेल, तर दोन्ही पायांमधील दाबाचा फरक तुमच्या अंगातून प्रवाह ढकलतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा कितीतरी जास्त अंतर असते, आणि त्या दोहोंच्या वाटेत त्याचे हृदय येते. म्हणून गुरे आधी मरतात. पडलेल्या तारेच्या आसपास आपण चुकून सापडलोच, तर लांब ढांगा टाकीत पळू नये. दोन्ही पाय जुळवून, पावले जमिनीशी घासत किंवा पाय जुळवूनच उड्या मारीत दूर जावे. पाय जुळलेले असले की उतारावरील फरक जवळपास शून्य होतो.

तुम्ही विचाराल, तार जमिनीवर पडल्यावर उपकेंद्रात फ्यूज उडायला नको का? पुष्कळदा उडतेही. पण मे महिन्यातील कोरडी, भेगाळलेली जमीन वीज सहजासहजी घेत नाही. अकरा हजार व्होल्टच्या लाईनीवर एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. जमिनीशी लागलेल्या जागी रोध १,००० ओहम असेल तर प्रवाह सहा अँपिअरच्या आसपास भरतो. माणसाला मारण्यास हा कितीतरी पट अधिक आहे. उपकेंद्राला मात्र वाटते, चार-दोन पंप चालू झाले असतील! म्हणून पडलेली तार ठिणग्या टाकीत नसली, गावात अंधार असला, तरी ती जिवंत नाही असे समजता येत नाही.

याहून चमत्कारिक एक प्रकार आहे, आणि तो अलीकडे घरोघरी जनरेटर आल्यामुळे वाढला आहे. समजा, लाईन गेली आहे. लग्नघरातील कोणी हुशार माणूस जनरेटर आणतो आणि त्याची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसतो. घरातील दिवे लागतात. पण मेन स्विच बंद केलेला नसेल तर वीज घरातच थांबत नाही. सर्व्हिस वायरने बाहेर पडून ती डीपीकडे निघते. आता रोहित्राचा गुण असा की ते दोन्ही दिशांनी काम करते. वरून अकरा हजार द्या, खाली २३० मिळतात. खालून २३० द्या, वर दहा हजारांच्या आसपास मिळतात! ज्या तारेवर लाईन गेली म्हणून लाईनमन चढला आहे, त्या तारेवर. शेजारच्या घरांचा भार मध्ये आला तर छोटा जनरेटर बंद पडेलही; पण त्या भरवशावर खांबावर कोण चढेल? यासाठी जनरेटरला चेंज-ओव्हर स्विच लागतो. त्याचा दांडा एका वेळी एकीकडेच राहतो, मंडळाच्या विजेकडे किंवा जनरेटरकडे. त्याची किंमत लग्नातल्या एका पंगतीच्या खर्चाहून कमी पडते.

म्हणून जाणता लाईनमन ‘लाईन गेली’ या शब्दांवर मुळीच विश्वास ठेवीत नाही. आमच्या भागातील अशा एका अनुभवी माणसाला मी भाचीसमोरच विचारले, “दादा, खांबावर चढण्याआधी तुम्ही काय करता?”

तो म्हणाला, “सर, आधी लाईन क्लिअर घेतो.”

हे शब्द ऐकताच भाची म्हणाली, “म्हणजे रेल्वेसारखं?” तिचे आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे तिला ते ठाऊक. रेल्वेत पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिले म्हणजे वाट मोकळी आहे, गाडी सोडा. विजेच्या खात्यात ‘लाईन क्लिअर’ म्हणजे वाट बंद केली आहे, आता वीज सोडू नका. शब्द तेच, अर्थ उलटा! लाईनमनही ते ऐकून हसला. मग त्याने आम्हांला सारा क्रम सांगितला. उपकेंद्रातून परवानगी घ्यायची. तेथे स्विच उघडून त्याला कुलूप व पाटी लावलेली आहे याची खात्री करायची. डीपीवरील स्विच आपण स्वतः उघडायचा, आणि तो उघडला हे डोळ्यांनी पाहायचे. मग योग्य उपकरणाने तारेत दाब आहे की नाही ते तपासायचे. घरातला टेस्टर येथे चालत नाही. तो २३० व्होल्टसाठी असतो, अकरा हजारांच्या तारेला तो लावणे म्हणजे मरणच. एवढे झाल्यावर लांब काठीच्या टोकाला लावलेल्या आकड्यांनी तिन्ही तारा एकमेकींना व जमिनीला जोडून टाकायच्या. काम करायचे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना.

“दोन्ही बाजूंना काहून?” माझ्या मुलाने विचारले.

“वीज कोन्या बाजूनं येईल, कोणाला माहीत?” तो म्हणाला.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याचे कारण असे सापडेल : तार जमिनीला जाड वाहकाने जोडलेली असली, की वरून, खालून, शेजारच्या चालू लाईनीच्या प्रवर्तनाने किंवा दूरच्या विजेच्या कडकडाटाने तारेत दाब आला, तरी प्रवाहाला माणसाच्या अंगापेक्षा फार सोपी वाट मोकळी असते; आणि उपकेंद्रातून कोणी चुकून स्विच लावलाच, तर इतका मोठा प्रवाह वाहतो की तेथील स्विच तत्काळ पुन्हा उघडतो.

भाचीने शेवटी त्याला तिचा प्रश्न विचारला, “दादा, तुमच्या भाषेत लाईन केव्हा गेली असं म्हणायचं?”

त्याने जरा विचार केला. “मी जमिनीला बांधली की मंग,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतील डीओ उडाला होता. त्याने नवी तार भरली, खाली उतरला, आकडे काढले, बरोबरचे दोघेही खाली आलेत हे मोजून पाहिले, आणि उपकेंद्राला फोन लावला, “माणसं खाली आहेत. लाईन घ्या.” पंखा फिरू लागला. गल्लीतली पोरे ओरडली, “लाईन आली!” भाचीही ओरडली.